तीन हजारांच्या बजेटमध्ये धुराची व्हिस्की कशी निवडावी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. इतकी वर्षं तुम्ही ब्लेंडर्स प्राइड घेत आलात. पुण्यात मित्राकडे लॅफ्रॉयग या स्कॉच व्हिस्कीचा एक घोट घेतलात आणि त्या धुराने डोक्यात घर केलं. आता साताऱ्यात, तीन हजारांच्या आत, तसंच काहीतरी हवंय. टीचर्स, ब्लॅक लेबल आणि पॉल जॉन बोल्ड ही तीन नावं देऊन तुम्ही विचारलंत की यातली कोणती घेऊ, भारतीय धुराची व्हिस्की स्कॉचच्या तोडीची असते का, आणि ती पाण्यातून घ्यायची की सोड्यातून.

मी सांगलीत परमिट रूम चालवतो. त्याआधी गोव्यात हॉटेलांच्या बारमध्ये काम केलंय. धुराच्या व्हिस्कीबद्दल विचारणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तुमच्यासारखंच असतं, एका घोटाने भारावलेलं. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. तीन हजारांत एकच बाटली येणार, ती मनासारखी निघाली नाही तर पैसे गेले, आणि त्या घोटातलं नेमकं काय आवडलं हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही. लॅफ्रॉयगमध्ये धूर आहे, औषधी वास आहे, थोडा खारटपणा आहे, खाली माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोडवाही आहे. यातलं तुम्हाला काय भावलं त्यावर पुढची बाटली ठरते. काही गोष्टी तुमच्यावरही अवलंबून आहेत: एकटे घेता की चौघांत, बाटली महिन्यात संपते की वर्षभर पुरते, जेवणाआधी घेता की जेवताना. त्यामुळे एकच नाव सांगून मोकळं होणं मला बरं वाटत नाही. ठरवायचं कसं ते सांगतो.

व्हिस्कीत धूर येतो तो बार्लीतून. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि मग ती वाळवतात. स्कॉटलंडच्या काही भागांत, त्यातही आयला बेटावर, वाळवताना भट्टीत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि झुडपं. त्याच्या विटा कापतात, वाळवतात आणि जाळतात. हा धूर ओलसर बार्लीच्या टरफलाला धरतो. धुरातल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं मोजतात. आयलाच्याच व्हिस्की घ्या: आर्डबेगच्या माल्टचा आकडा ५५च्या आसपास असतो, लॅफ्रॉयगचा ४० ते ४५, लागावुलिनचा ३५च्या आसपास, बोमोरचा २५च्या आसपास.

हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे फिरतात आणि लोक त्यावरून बाटल्यांची उतरंड लावतात. पण हा आकडा वाळवलेल्या माल्टचा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. आंबवताना, ऊर्ध्वपातनात आणि नंतर पिंपात मुरताना त्यातला बराच भाग गळून जातो. किती गळतो हे भांड्याच्या आकारावर आणि ऊर्ध्वपातनात धार कुठे तोडली, म्हणजे निघणाऱ्या दारूचा कोणता भाग ठेवला, यावर ठरतं. लागावुलिन आणि कॉल ईला या दोन्ही आयलाच्याच, दोन्हींचा माल्ट साधारण एकाच आकड्याचा आणि तोही पोर्ट एलनच्या एकाच माल्ट कारखान्यातून येणारा. तरी लागावुलिन जड, गोड आणि तेलकट लागते, तर कॉल ईला हलकी, स्वच्छ आणि लिंबाच्या अंगाने जाते. ऑक्टोमोर या आयलाच्याच व्हिस्कीच्या काही बाटल्यांच्या माल्टचा आकडा शंभरच्या कितीतरी वर गेलाय, म्हणून ती लॅफ्रॉयगच्या दुप्पट-तिप्पट धुराची लागते असं नाही. आकडा बघून पैसे टाकू नका.

त्यापेक्षा धुराची जात ओळखणं कामाला येतं. आयलाच्या पीटमधून औषधी वास येतो: टिंक्चर आयोडीन, बँडेज, समुद्राकाठचं खारं शेवाळ. मिरजेच्या दवाखान्यांत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना तो वास पहिल्या हुंगण्यातच कळतो. लॅफ्रॉयगमध्ये तो सगळ्यात ठळक. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचं पीट वेगळ्या झाडोऱ्याचं असतं, त्याचा धूर कोरडा, लाकडाचा, मातीचा. आर्डमोर ही डिस्टिलरी त्यातली, आणि तिचाच माल्ट टीचर्सचा कणा आहे. तेव्हा स्वतःला विचारा: पुण्यातल्या त्या घोटात तुम्हाला चुलीचा धूर आवडला, की दवाखान्याचा वास? उत्तर दवाखाना असेल तर टीचर्स तुमची तहान भागवणार नाही, ती कितीही चांगली असली तरी.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण माझ्याकडे तो वारंवार येतो. जॅक डॅनियल्स कोळशातून गाळतात म्हणून ती धुराची असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तो मेपल लाकडाचा कोळसा दारू मऊ करायला वापरतात, त्याने धूर येत नाही. अमेरिकन बर्बनमध्ये नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपाचा व्हॅनिला, कॅरॅमल आणि थोडा जळकेपणा असतो, तो पीटचा धूर नव्हे. आयरिश व्हिस्की बहुतेक बिनधुराची. ग्लेनफिडिच १२, ग्लेनलिव्हेट १२, शिवास १२ यांतही धूर शोधू नका. या चांगल्या व्हिस्की आहेत, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या नाहीत. रंगावर तर अजिबात जाऊ नका. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, आणि कितीतरी कडक धुराच्या व्हिस्की गवताच्या काडीइतक्या फिक्या असतात.

आता तुमची तीन नावं. टीचर्स हायलँड क्रीम ब्लेंडेड स्कॉच आहे, म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींची मिसळ. ती पिंपातून भारतात आणून इथे बाटलीत भरली जाते, म्हणून तिची किंमत आटोक्यात राहते. त्या किमतीच्या स्कॉचमध्ये धूर सगळ्यात स्पष्ट हिच्यातच लागतो, असं माझं ठाम मत आहे. ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, १०० पायपर्स, ब्लॅक डॉग यांच्यात धूर असलाच तर मागे कुठेतरी. टीचर्समध्ये तो घोट गिळल्यावर घशाशी येऊन थांबतो. कडा थोड्या खडबडीत आहेत, पाण्याशिवाय नुसती घेतली तर अल्कोहोल टोचतं, पण पाणी घातलं की माल्ट आणि धूर दोन्ही मोकळे होतात.

जॉनी वॉकर ब्लॅक लेबल बारा वर्षं मुरलेली ब्लेंड. म्हणजे तिच्यातला सर्वांत कोवळा थेंबही बारा वर्षांचा. तिच्यातला धूर कॉल ईला आणि टॅलिस्करसारख्या माल्टमधून येतो, आणि तो मनुका, व्हॅनिला, संत्र्याच्या सालीबरोबर नीट बसवलेला असतो. इथे सांगलीकर म्हणून एक सांगतो. पुस्तकांत शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीला मनुकांचा वास असतो असं लिहितात, आणि आपल्याकडचे लोक तासगावचा पिवळा-हिरवा बेदाणा डोळ्यांपुढे आणतात. त्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, तो आंबटगोड लागतो. पुस्तकातला वास उन्हात वाळलेल्या काळ्या मनुकांचा, चिकट आणि गडद. काळी मनुका चावून पाहा आणि मग ब्लॅक लेबलचा ग्लास नाकाशी न्या, दोन्हींचं नातं लगेच कळेल. ब्लॅक लेबलचा खंबा, म्हणजे ७५० मिलीची पूर्ण बाटली, तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण हाफ (३७५ मिली) किंवा क्वार्टर (१८० मिली) मिळाली तर ती बसते. डबल ब्लॅकमध्ये धूर जास्त आहे आणि पैसेही जास्त.

पॉल जॉन बोल्ड गोव्याची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची निव्वळ माल्टची व्हिस्की, ४६ टक्क्यांची, खरोखरीची धुराची. तिच्या खाली त्याच कंपनीची एडिटेड आहे, तिच्यात धूर कमी आणि गोडवा जास्त. ब्रिलियन्समध्ये धूर नाही. बोल्डचा खंबा तीन हजारांत येत नाही. तरी तुम्ही तिचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण भारतीय की स्कॉच हा तुमचा दुसरा प्रश्न तिच्यापाशीच सुटतो.

'भारतीय व्हिस्की' या एका पाटीखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, मळीच्या स्पिरिटवर बेतलेली स्वस्त व्हिस्की. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसवन्या आहेत, तिथे मळीपासून स्पिरिट निघतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. युरोपात अशा दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. दुसरी, धान्याच्या स्पिरिटमध्ये स्कॉच माल्ट मिसळलेली. तुमची ब्लेंडर्स प्राइड आणि रॉयल स्टॅग यात मोडतात. तिसरी, निव्वळ बार्लीची सिंगल माल्ट: अमृत, पॉल जॉन, इंद्री, रामपूर. हे सगळं मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, दुकानात उभं राहून वाचा.

तिसऱ्या गटाबद्दल विचाराल तर होय, ती स्कॉचच्या तोडीची असते. बंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन बाजारात आणली होती. अमृत फ्युजनमध्ये भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटचा धूर दिलेली बार्ली एकत्र असते, ५० टक्के ताकद, आणि ती जिभेवर बराच वेळ रेंगाळते. या बाटल्यांवर सहसा वय लिहिलेलं नसतं म्हणून बिचकू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते. बंगळुरूच्या हवेत हेच प्रमाण १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातं. उष्णतेने लाकडाचा गुण लवकर उतरतो, त्यामुळे इथली पाच वर्षांची माल्ट तिथल्या पाच वर्षांच्या माल्टपेक्षा कितीतरी जाणती लागते. बारा-पंधरा वर्षं ठेवली तर पिंपात उरेल काय? फरक एवढाच की भारतीय धुराच्या माल्टमध्ये गोडवा आणि मसाल्याचा अंश पुढे असतो. समुद्राचा खारटपणा आणि आयोडीन हवं असेल तर आयलालाच जावं लागतं.

किमतीचं गणित गेल्या काही वर्षांत बदललंय, आणि ते तुमच्या बाजूने बदललंय. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. २०२५च्या जूनमध्ये खालच्या किमतीच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा दर उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेला. म्हणजे वरची किंमत खाली आली आणि खालची वर गेली. रोजच्या व्हिस्कीवरून स्कॉचवर जायला पूर्वी जेवढी मोठी उडी घ्यावी लागे तेवढी आता लागत नाही. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार २०२५च्या जुलैमध्ये झाला, त्यात स्कॉचवरचं १५० टक्के सीमा शुल्क आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. पण त्या आशेवर आजची खरेदी थांबवू नका. बाटलीवरची छापील किंमत बघा आणि ३० मिलीच्या एका पेगला किती पडतात ते काढा: खंब्यात २५ पेग, क्वार्टरमध्ये ६.

आता मुख्य काम, तुलना. तीन हजारांत एक खंबा आणू नका. क्वार्टर आणा. टीचर्सची एक, ब्लॅक लेबलची क्वार्टर किंवा हाफ जी मिळेल ती, आणि ब्लॅक अँड व्हाइट किंवा १०० पायपर्ससारखी एक जवळजवळ बिनधुराची. चौथी तुमची नेहमीची ब्लेंडर्स प्राइड. ती मुद्दाम ठेवायची, कारण तुमच्या जिभेचं मोजमाप तिच्यावर बेतलेलं आहे. नवीन बाटली तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय नेमकं काय वेगळं आहे ते तुम्हाला सांगता येणार नाही. साताऱ्यात छोट्या बाटल्या मिळाल्या नाहीत तर पुण्याला जाल तेव्हा आणा, तिथल्या मोठ्या दुकानांत निवड जास्त असते. बजेट उरलं तर पुण्यातल्याच एखाद्या चांगल्या बारमध्ये बोल्डचा किंवा आर्डबेगचा एकच ३० मिली पेग घ्या. मिलीच्या भावाने तो महाग पडतो, पण न आवडणाऱ्या खंब्यापेक्षा खूपच स्वस्त.

संध्याकाळी, जेवणाआधी बसा. चार सारखे ग्लास, तोंडाशी निमुळते असतील तर उत्तम. खास ग्लास विकत आणायची गरज नाही, छोटे वाइनचे चालतात. प्रत्येकात १५ मिली. मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं आकडे असलेलं टोपण घ्या, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन, नाहीतर चारही ग्लासांना कफ सिरपचा वास लागेल. ओतायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यांनी ग्लासच्या बुडाला क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि कोणती कुठे आहे ते स्वतःजवळ लिहून ठेवायचं. बिनधुराच्या व्हिस्की आधी आणि धुराच्या शेवटी एवढा क्रम मात्र त्यांना सांगा, कारण धुराचा एक घोट घेतला की पुढची पंधरा मिनिटं हलकी व्हिस्की पाण्यासारखी लागते. नाव झाकण्याचा फायदा मी माझ्या टेबलांवर कितीदा पाहिलाय. काळ्या लेबलाच्या चौकोनी बाटलीची शपथ घेणारे लोक चिठ्ठी उघडल्यावर आपणच पहिला नंबर टीचर्सला दिलाय हे बघून गप्प होतात, आणि पुढच्या खेपेला बिनदिक्कत टीचर्स मागतात.

आधी नुसता वास. ग्लास हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. नाक ग्लासात खुपसलंत तर अल्कोहोलच्या झिणझिण्यांपलीकडे काही कळणार नाही. चारही हुंगून झाल्यावर पहिला घोट, अगदी छोटा, जिभेवर फिरवून गिळा आणि दहापर्यंत मोजा. त्या दहा आकड्यांत काय उरतं ते लिहा: गोड, कडू, राख, काहीच नाही. मग प्रत्येकात चमचाभर साधं पाणी घालून पुन्हा तेच. पाणी आरओचं किंवा बाटलीचं घ्या, आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी चव मारतं. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ते पुन्हा ताजं होतं. सोबत साधे चिरमुरे चालतील. भडंग नको. तिच्यातला लसूण आणि तिखट तासभर जिभेवरून हटत नाहीत, ती चाखणं संपल्यावर काढा. एकूण ६० मिलीच पोटात जाते, तेव्हा डोकं शेवटपर्यंत जागेवर असतं आणि लिहिलेलं सकाळीही वाचता येतं. गाडीची किल्ली मात्र त्या रात्री कुणाकडे तरी देऊन टाका.

आणि हे ग्लास रात्री धुऊ नका. तसेच उघडे ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी एकेक करून हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, मागे राहतं ते खरं. हलक्या व्हिस्कीच्या ग्लासात फारसं काही उरत नाही, फार तर पुसटसा गोड वास. ब्लॅक लेबलच्या ग्लासात लाकूड आणि मनुका, मागे थोडी राख. टीचर्सच्या ग्लासात विझलेल्या चुलीचा आणि ओल्या बार्लीचा वास स्पष्ट येतो. मी नवीन बाटली बारमध्ये ठेवण्याआधी हे नेहमी करतो. पिताना जे लक्षात येत नाही ते हा रिकामा ग्लास सांगतो.

यातून तुमचा कौल निघेल. टीचर्स पहिली आली तर तुमचं काम तिथेच झालं, खंबा आणा, पैसे उरतील. ब्लॅक लेबल पहिली आली तर तुम्हाला धूर आवडतो पण पुढे नको, मागे हवा, आणि तेव्हा दोन महिने थांबून तिचा खंबा किंवा एडिटेड घेणं शहाणपणाचं. चारही चाखून 'पुण्यातलं ते काही यात नाही' असं लिहिलंत तर तुम्हाला आयलाच हवी आहे. मग स्वस्तातल्या बाटल्यांवर पैसे घालत बसू नका. तीन मित्र धरा, मिळून एक लॅफ्रॉयग १० किंवा आर्डबेग १० आणा. खंब्याचे चार भाग केले तरी प्रत्येकाला क्वार्टरपेक्षा थोडी जास्तच येते.

अशी बाटली पुरवायची एक रीत आहे, आणि ब्लेंड बनवणारेही मुळात हेच करतात. कडक धुराची माल्ट हिंगासारखी वापरा. ब्लॅक अँड व्हाइटसारख्या साध्या स्कॉचच्या ६० मिलीत लॅफ्रॉयगची ५ मिली, म्हणजे एक लहान चमचा, घाला आणि पाच मिनिटं ठेवा. साध्या ब्लेंडचा गोडवा तसाच राहतो आणि वर आयलाचा धूर चढतो. या हिशोबाने ७५० मिलीची एक बाटली दीडशे वेळा पुरते. काही लोकांना हे पाप वाटतं. मला नाही वाटत, ब्लेंडेड स्कॉच नावाची वस्तू याच युक्तीवर उभी आहे. फक्त ५ मिलीपासून सुरुवात करा, १०च्या वर गेलात की खालची व्हिस्की झाकली जाते.

खरेदीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानात पाच रुपयांत मिळतो. गोव्यातून बाटली गाडीत टाकून आणू नका. तिथे भरलेला कर इथे चालत नाही, आणि सिंधुदुर्गपासून चंदगडपर्यंत तपासणी होते. सातारा सैनिकांचा जिल्हा, त्यामुळे 'मिलिटरी कॅन्टीनची बाटली देतो' असं सांगणारे भेटतील. ती जवानांच्या हक्काची आहे, बाहेर विकणं बेकायदा आहे, आणि त्या नावाखाली काय भरलेलं आहे याची खात्री नसते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं हा मात्र सरळ मार्ग आहे, माणशी दोन लिटर आणायला मुभा असते आणि ड्युटी-फ्री दुकानांत आयलाच्या बाटल्या सहज मिळतात. महागडी रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबल फाडून टोपण मोडा, भेसळ करणारे अशाच बाटल्या शोधत असतात.

तुमचा तिसरा प्रश्न, पाणी की सोडा. ४० ते ४३ टक्क्यांच्या ब्लेंडला निम्मं पाणी पुरतं. ४६ किंवा ५० टक्क्यांच्या माल्टला चमचा-चमचा पाणी घालत जा आणि दर चमच्याला हुंगा, एका टप्प्यावर धूर एकदम मोकळा होतो, तिथे थांबा. सोडा धूर वर उचलतो. टीचर्स किंवा ब्लॅक लेबल थंडगार सोड्यात, एकास तीन, मटणाच्या जेवणाबरोबर फार छान जाते. बर्फ सगळ्यात शेवटचा पर्याय ठेवा, थंडीने वास मिटतो आणि तुम्ही पैसे तर वासाचेच दिले आहेत. साताऱ्यात आहात तर एकदा कंदी पेढ्याचा लहान तुकडा खाऊन त्यावर धुराचा घोट घेऊन पाहा. भाजलेला खवा आणि पीट यांचं जमतं, चॉकलेटपेक्षा चांगलं जमतं असं माझं मत आहे.

बाटली उघडल्यावर उभी ठेवा, आडवी ठेवली तर बूच दारूत भिजून कुजतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात किंवा माळ्यावर नको, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. धूर हवेने उतरतो. बाटली अर्ध्याखाली गेली की उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या क्वार्टरच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वरची हवा जेवढी कमी तेवढा धूर जास्त दिवस टिकतो. उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा. आणि त्या चार ग्लासांचा कौल लागला की इथेच लिहा, मग खंबा कोणता घ्यायचा ते त्यावरून बघू.